वाढीव साडेचार लाख की एक खोली कमी?

आपला प्रश्न असा आहे : नागपुरात स्वतःच्या प्लॉटवर 38 लाखांत घर बांधायचे ठरले आहे, मात्र उभारणीत आणि पुढच्या वापरातही कार्बन उत्सर्जन कमी ठेवणारे घर हवे असेल, तर आणखी साडेचार लाख लागतील, असे आर्किटेक्ट सांगतात. त्यासाठी 25 लाखांचे गृहकर्ज वाढवावे, 6 लाखांची मुदत ठेव मोडावी, की विचारच सोडून द्यावा?

कर्ज वाढवू नये, आणि विचारही सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपण पाठवलेल्या अंदाजपत्रकात वरच्या मजल्यावर ‘पुढे लागेल म्हणून’ 180 चौरस फुटांची खोली धरलेली आहे. 2,200 रुपये दराने तिचा खर्च 3.96 लाख होतो, म्हणजे जवळजवळ वाढीव रकमेइतकाच. सिमेंट आणि लोखंड तयार होतानाच मोठे उत्सर्जन होऊन जाते, त्यामुळे न बांधलेली खोली पैसा आणि कार्बन दोन्ही वाचवते. पाया मात्र वरच्या मजल्याचा भार धरूनच घ्यावा, म्हणजे गरज पडल्यास ती खोली पुढे बांधता येईल.

आता साडेचार लाखांची फोड पाहू. छताचे उष्णतारोधन, त्यावर चायना मोझॅक (फुटक्या पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर) आणि पश्चिमेकडचे खोल छज्जे यांचे 1.70 लाख आत्ताच खर्च करावेत. मे महिन्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उशिरापर्यंत खोलीत उष्णता सोडत राहतो आणि त्याची किंमत दर उन्हाळ्यात एसीच्या बिलातून मोजावी लागते. शिवाय हे काम नंतर काढले, तर तोडफोडीचा खर्च वेगळाच. दुहेरी काचेच्या खिडक्यांचे 85 हजार वगळावेत, कारण आपल्या उन्हात काचेच्या दुहेरी थरापेक्षा तिच्यावर पडणारी सावली अधिक उपयोगी ठरते. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांतील राखेपासून केलेल्या विटा आणि पीपीसी (राख मिसळलेले) सिमेंट यांसाठी सहसा जादा पैसे लागत नाहीत. मात्र अशा सिमेंटच्या कामावर नागपूरच्या कोरड्या हवेत 14 दिवस पाणी मारले जाईल, हे ठेकेदाराकडून लेखी घ्यावे.

उरलेले 1.95 लाख 3 किलोवॉटच्या सौर संचाचे आहेत. केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेत 78 हजारांचे अनुदान मिळते, पण ते संच सुरू झाल्यानंतर खात्यात येते. त्यामुळे आधी पूर्ण रकमेची सोय हवी. निव्वळ खर्च 1.17 लाख धरला आणि बिलात महिन्याला अडीच हजार वाचले, तर चार वर्षांच्या आत तो वसूल होतो. असा संच वर्षाला साधारण 4,300 युनिट वीज देतो, म्हणजे सुमारे 3 टन कार्बन डायऑक्साइड टळतो.

घरच्यांना ती खोली हवीच असेल, तर छत आणि छज्जांचे 1.70 लाख ठेवीतून घ्यावेत. 7 टक्क्यांची ठेव 20 टक्के कर भरल्यावर 5.6 टक्के देते, तर कर्जावर आपण 8.5 टक्के मोजणार आहात. मात्र 40 हजारांचा घरखर्च आणि सुमारे 21,700 रुपयांचा हप्ता धरता सहा महिन्यांचे 3.70 लाख अडीअडचणीसाठी ठेवीत राहायलाच हवेत. म्हणून त्या परिस्थितीत स्लॅबमधून सौर संचासाठी फक्त वायरिंगचे पाइप टाकून घ्यावेत आणि संच पुढच्या बोनसमधून बसवावा.