घराचं अंतर मिनिटांत मोजा

नकाशावरच्या किलोमीटरांवर विसंबू नका. विकत घ्यायला एखादं घर पसंत पडलं की कामाच्या दिवशी, ऐन गर्दीच्या वेळी तिथून ऑफिसच्या दारापर्यंत जाऊन बघा आणि संध्याकाळी परतही या. स्टेशनपर्यंतची पायपीट, गाडी बदलताना जाणारा वेळ, सगळं धरा. लांबचं घर स्वस्त दिसतं खरं, पण नवरा-बायको दोघांचा प्रवासखर्च कर्जाच्या हप्त्यात मिळवल्यावर बऱ्याचदा फारसा फरक उरत नाही. दुसरी गाडी घ्यावी लागली तर हिशेब उलटतोच. माझं स्पष्ट मत, एक खोली कमी चालेल, पण रोजचा जास्तीचा तासभर नको; तो मुलांच्या वाट्याचा वेळ असतो. शाळा वाटेवर असेल तर उत्तमच. जमल्यास आधी त्याच भागात काही महिने भाड्याने राहा. पाणी, आवाज, शेजार हे राहिल्यावरच कळतं.