आई, तू आहेस ना?

'जगाचा शेवट अमुक तारखेला, असं मोबाइलवर बघून मुलगी रात्र-रात्र झोपत नाही. तिला कसं समजावू?' २०२५च्या सप्टेंबरात हा प्रश्न दोन-तीन आयांनी समुपदेशक म्हणून मला विचारला. त्यातल्या एका घराची गोष्ट इथे सांगते. आई आणि मुलगी दोघींची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

कुटुंब मूळ सावंतवाडीकडचं, कॅथलिक, आता म्हापशात राहणारं. घरात मराठी, चर्चमध्ये कोंकणी. वडील तारवटी. म्हणजे क्रूझच्या बोटीवर आठ-नऊ महिने, मग दोनेक महिने घरी, आणि पुन्हा बोट. मुलगी अकरावीत, कॉमर्सला.

"मॅडम, रात्री तीन-तीनदा उठते," आई सांगत होती. "माझ्या दारात येऊन उभी राहते. 'आई, तू आहेस ना?' म्हणते. मी हूं म्हटलं की जाते. तासाभराने परत."

दक्षिण आफ्रिकेतल्या एका प्रचारकाने सांगितलं होतं की २३ आणि २४ सप्टेंबरला येशू येऊन आपल्या माणसांना वर घेऊन जाईल. मैत्रिणीने रील पाठवली, हिने ती पाहिली, आणि मग फोन तसल्याच रील्स पुढे करू लागला. रिकामे बिछाने, जमिनीवर पडलेले कपडे, रडत घरभर फिरणारी मुलं. 'रॅप्चर', म्हणजे असं वर उचललं जाणं, हा शब्द तिने घरात किंवा धर्मशिक्षणाच्या वर्गात कधी ऐकला नव्हता. पण हिशेब तिने मनातल्या मनात मांडून टाकला: आई चांगली, ती जाणार. मी खोटं बोलते, मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवते, मी मागे राहणार. ती उठून बघायची ती आई अंथरुणात आहे की गेली, हे.

पहिल्या भेटीत मी चुकले. तिला मी इतिहास सांगत बसले. विल्यम मिलर नावाच्या अमेरिकन बाप्टिस्ट उपदेशकाने बायबलमधल्या दानिएलाच्या ग्रंथातल्या २३०० दिवसांची २३०० वर्षं धरली. ख्रिस्त परत येण्याची आधी मार्च १८४४पर्यंतची मुदत दिली, ती टळल्यावर त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ठरवली. हजारो लोक वाट बघत राहिले, काही झालं नाही. हॅरोल्ड कॅम्पिंग या अमेरिकन रेडिओ-उपदेशकांनी २१ मे २०११ ही तारीख जाहीर केली, मग २१ ऑक्टोबर, आणि २०१२मध्ये आपली चूक कबूल केली. मला वाटलं, एवढं ऐकून पोरगी हलकी होईल.

ती म्हणाली, "म्हणजे खोट्या तारखा संपत आल्या, मॅडम. आता खरी येणार."

भीतीला पुरावे दिले की ती त्यांतूनही आपल्या बाजूचा अर्थ काढते, हे मला शिकवलं गेलं होतं. तरी मी तेच केलं. त्या रात्री ती चार वेळा उठली.

पुढच्या भेटीत आम्ही तारखेचा विषय बाजूला ठेवला आणि रात्रीची ती हाक घेतली. आईचं 'हूं' ऐकलं की मुलीला दहा मिनिटं बरं वाटायचं. पण त्यातून मन एवढंच शिकत होतं की खात्री करून घेतल्याशिवाय धडगत नाही. मग आम्ही तिघींनी बसून ठरवलं. मुलीला कबूल नसेल ते काहीच ठरवायचं नाही, ही माझी अट. भीती आली की लगेच उठायचं नाही, अंथरुणातच दहा मिनिटं थांबायचं, भीती दहापैकी किती ते वहीत लिहायचं. दहाची पंधरा, पंधराची वीस मिनिटं करत जायचं. तरीही ती दारात आलीच, तर आईने 'हो, मी आहे' म्हणायचं नाही. "भीती आलीय ना? थांब, उतरेल," एवढंच म्हणायचं. आईला हे फार जड गेलं. पोटची पोर दारात उभी असताना साधं 'हो' न म्हणणं किती कठीण, ते मी समजू शकते. रात्री साडेनऊला दोघींचे फोन स्वयंपाकघरात.

पण देवाचं काय? मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे म्हापशाच्या मारियामातेच्या, फेस्ताला तेल घेऊन जाणाऱ्या हिंदू घरातली मी. बायबलचा अर्थ लावणं माझं काम नव्हे, आणि 'असलं काही नसतं' म्हणून हसणं हा तर त्या पोरीच्या श्रद्धेचा अपमान झाला असता. पालकांनीही ते करू नये. म्हणून तिच्या संमतीने एका वयस्क फादरांना बरोबर घेतलं.

फादरांनी विचारलं, "कुठलं वचन छळतंय?" तिने मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय काढला. दोघी जात्यावर दळत असतील. एक घेतली जाईल, एक राहील. तिच्या डोळ्यांपुढे त्या दोघी म्हणजे ती आणि आई.

"जरा वरच्या ओळी वाच," फादर म्हणाले. तिथे नोहाच्या दिवसांची गोष्ट आहे: लोक खात-पीत होते, पूर आला आणि सगळ्यांना घेऊन गेला.

"मग मागे कोण राहिलं?"

ती बराच वेळ पानाकडे बघत होती. "नोहा."

फादरांनी लपवाछपवी केली नाही. हा अर्थ सगळेच लावतात असं नाही, म्हणाले. विश्वासणाऱ्यांना आधी वेगळं उचललं जाईल असं मनापासून मानणाऱ्या मंडळ्या आहेत. पण ही मांडणी मुख्यतः १८३०च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी यांच्या शिकवणीतून पसरली. कॅथलिक चर्च ती शिकवत नाही, अनेक प्रोटेस्टंट मंडळ्याही नाहीत. ख्रिस्त पुन्हा येणार, हे मात्र आपण दर रविवारी मतांगीकारात, म्हणजे श्रद्धेच्या कबुलीच्या प्रार्थनेत, म्हणतोच. फक्त तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कुणाला ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, असं याच अध्यायाच्या छत्तिसाव्या ओवीत आहे. ठरावीक तारखा सांगत फिरू नका, अशी ताकीद उपदेशकांना १५१६मध्ये कॅथलिक चर्चच्या लॅटरन परिषदेने दिली होती.

"बायबलच्या काळात थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती मंडळीतही असाच गोंधळ उडाला होता," ते म्हणाले. "काहींनी कामधंदाच सोडला. प्रेषित पौलाने त्यांना तारीख दिली नाही. काम करा, आपली भाकर खा, म्हणाला. तुझी अकाउंट्सची वही कुठे आहे?"

ती पहिल्यांदा हसली.

चौथ्या भेटीत मी सहज विचारलं, घरातून कुणी न सांगता गेलंय का कधी? ती म्हणाली, पप्पांचं विमान नेहमी पहाटेचं. 'झोपू दे तिला, उगाच रडेल,' असं आई म्हणायची. सकाळी उठल्यावर दाराजवळ पप्पांच्या चपला नसायच्या. चार वर्षांची असल्यापासून. सगळ्या भीतीचं मूळ तेवढंच, असा दावा मी करत नाही. पण रीलमधला तो रिकामा बिछाना तिने आधी आपल्याच घरात पाहिला होता. आई हे ऐकत होती आणि पदराने डोळे पुसत होती.

२३च्या रात्री ती तीनला झोपली. २४ला कॉलेजला गेली. लगेच ऑक्टोबरची नवी तारीख फिरायला लागली. तिने ती रील मला दाखवली, आणि 'यात रस नाही' दाबलं. वहीत त्या रात्री चार लिहिले होते. शून्य नाही, चार.

सगळ्यांचं इतक्यावर निभावतं असं नाही. मूल जेवेनासं झालं, सलग रात्री डोळा लागेनासा झाला, आवाज ऐकू येतात म्हणालं किंवा मरणाचं बोलू लागलं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडेच न्या. बांबोळीला सरकारी मानसोपचार संस्था आहे, आणि रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६वर फोन लागतो.

नोव्हेंबरात वडील परत बोटीवर निघाले. पहाटे तीनचा गजर मुलीनेच लावला, पप्पांच्या बॅगेची चेन लावली आणि मोपा विमानतळापर्यंत गेली.

३० नोव्हेंबरला आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार. चर्चमध्ये नेमकं तेच वाचन आलं, नोहाचा पूर आणि जात्यावरच्या दोघी. आईच्या काळजात धस्स झालं, तिने शेजारी पाहिलं. मुलगी पुढच्या गायनाचं पान शोधत होती. त्या रात्री दोनला आईलाच जाग आली. ती उठून मुलीच्या दारात जाऊन उभी राहिली. पोरगी कुशीवर वळून गाढ झोपली होती.