पगार सोडून पीएच.डी.: घर चालेल का?

प्रश्न: वय ३१, हिंजवडीत आयटीत नोकरी, हातात १ लाख ४५ हजार येतात. आयआयटी मुंबईत मशीन लर्निंगमध्ये पीएच.डी.साठी निवड झाली आहे. पत्नीचा पगार ४८ हजार, मुलगी दोन वर्षांची. वाकडच्या फ्लॅटचं ३८ लाखांचं कर्ज बाकी आहे (साडेआठ टक्के, १५ वर्षं). शिल्लक २२ लाख. घरखर्च आईवडिलांच्या औषधांसकट ४५ हजार (वडिलांना मधुमेह आहे), पाळणाघर ९ हजार. नोकरी सोडू का?

उत्तर: फेलोशिप पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढे ४२ हजार. पाच वर्षांचे २४ लाख होतात. नोकरीत राहिलात तर पगारवाढ न धरताही ८७ लाख. हा ६३ लाखांचा फरक ऐकूनच घरोघरचे सासरे आडवे पडतात. पण आधी महिन्याचा मेळ बसतो का ते बघू.

हप्ता ३७,४००. घरखर्च, पाळणाघर, शिवाय पवईची मेस, हॉस्टेल आणि सुट्टीला पुण्याला येणंजाणं मिळून १० हजार. एकूण १,०१,४००. येणार ८५ हजार. म्हणजे सुरुवातीला दरमहा १६,४०० कमी पडतील, फेलोशिप वाढल्यावर ११,४००. महागाई आणि पत्नीची पगारवाढ यांची फिटंफाट धरली, तर पाच वर्षांत आठ लाखांचा खड्डा. २२ लाखांतून तो भरून निघतो. एसआयपी बंद ठेवा, दहा लाख एफडीत टाका, बाकीच्याला हात लावू नका.

हप्ता कमी करायला बँक मुदत २० वर्षांवर न्यायला सुचवेल. महिन्याला जेमतेम ४,४०० सुटतील आणि शेवटी पावणेबारा लाख जास्त मोजाल. नको.

तेव्हा पैशाच्या बाजूने माझं उत्तर ‘सोडा’ असं आहे, पण एका अटीवर. संशोधनच करायचं असेल तर. बंगळुरूच्या गूगल रिसर्च, मायक्रोसॉफ्ट रिसर्चसारख्या ठिकाणी संशोधकाच्या जागेसाठी पीएच.डी.ला वजन आहे. नुसता पगार वाढवायचा असेल, तर मॉडेल चालवणाऱ्या इंजिनिअरला ती लागत नाही. नोकरीत राहूनच हे काम शिका. आणि विषय निवडताना (हा माझा प्रांत नाही, तरी सांगतो) फार अरुंद गल्लीत शिरू नका. २०१७ साली ट्रान्सफॉर्मर (आजच्या भाषा-मॉडेलांची मूळ रचना) आला आणि यंत्र-भाषांतरातलं तोवरचं बरंच काम दोन-तीन वर्षांत मागे पडलं. गणित पक्कं असलेले तरले.

आता राजीनाम्याची तारीख. तुमच्या नोकरीला साडेचार वर्षं झाली आहेत. पाच पूर्ण केलीत, तर ६० हजार मूळ पगारावर ग्रॅच्युइटी सुमारे १ लाख ७३ हजार मिळेल. प्रवेश एक सत्र पुढे ढकलता येईल का, हे विभागाला आजच विचारा. नाही म्हणाले तर ग्रॅच्युइटीवर पाणी सोडा, जागा सोडू नका. पीएफ मात्र काढू नका. व्याज चालू राहतं, फक्त नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर कर लागतो.

सगळ्यात मोठी गफलत आरोग्य विम्यात होते. कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो, आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत गेलात, तर आधीच्या वर्षांचा फायदा मिळतो. वडिलांना मधुमेह आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणून ही चौकशी राजीनाम्याआधी करा. आईवडिलांचा प्रीमियम वरच्या हिशेबात धरलेला नाही. आठाचे दहा लाख होतील, त्या तयारीने उतरा.