विक्रांत: तडे गेलेले बॉयलर, डेकवरचा वारा आणि न टिकलेलं संग्रहालय

तुमचे प्रश्न दोन: बॉयलर खराब असताना आपल्या नौदलाची विमानवाहू नौका विक्रांत 1971 च्या युद्धात लढली कशी, आणि निवृत्तीनंतर तिचं मुंबईत केलेलं संग्रहालय का टिकलं नाही.

आधी बॉयलर. विक्रांतवर चार बॉयलर होते. त्यांच्या वॉटर ड्रमांना, म्हणजे पाण्याच्या पिंपांना, तडे गेले होते, तेही वेल्डिंग करून भागणार नाही असे. बदली ड्रम इंग्लंडहून यायचे होते. तोवर उपाय एकच, वाफेचा दाब कमी ठेवायचा. म्हणजे 24.5 नॉटची (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) बोट 14 ते 16 नॉटवर आली.

वेग घटला म्हणजे बोट हळू गेली, एवढ्यावर हे थांबत नाही. विमान उडवायचं तर बोट वाऱ्याच्या तोंडावर घेतात, म्हणजे वाऱ्यात बोटीच्या वेगाची भर पडते. समजा वारा 5 नॉट आहे. पूर्ण वेगात डेकवर 29.5 नॉट मिळतात, 16 नॉटला फक्त 21. ही 8.5 नॉटची तूट इंधन नाहीतर बॉम्ब कमी करून भरून काढायची. त्यात कॅटापल्ट, म्हणजे विमानाला डेकवरून जोरात पुढे फेकणारं यंत्र, तेही वाफेवरच चालायचं. वायरचा फास विमानाला आणि कॅटापल्टच्या शटलला (पुढे धावणाऱ्या खुंटीला) अडकवायचा, मागून होल्डबॅकनं विमान धरून ठेवायचं, ठरलेल्या ताणाला त्याची कडी तुटली की विमान सुटतं. बोट चालवणारी टर्बाइन आणि कॅटापल्ट, दोघांचा घास एकाच ताटातून.

उतरताना तर जास्त जाच. विमानाचा वेग 110 नॉट धरा. 29.5 च्या वाऱ्यात ते डेकच्या तुलनेत 80.5 नॉटनं येतं, 21 च्या वाऱ्यात 89 नं. फरक किरकोळ वाटतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गात वाढते. डेकवर आडव्या ताणलेल्या, विमानाच्या शेपटीचा हूक अडकवून त्याला थांबवणाऱ्या अरेस्टर वायरवरचा भार साधारण 20 टक्क्यांनी चढतो.

आता "नादुरुस्त बोट पूर्वेला लपवली" हे लोक म्हणतात त्याबद्दल. अर्धवट आहे ते. पश्चिमेला पाकिस्तानी पाणबुड्यांचा धोका मोठा होता. पूर्वेला तिच्या मागावर आलेली पाकिस्तानी पाणबुडी गाझी विशाखापट्टणमजवळ बुडाली, आणि 4 डिसेंबरपासून विक्रांतच्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले चढवले. रात्रीची कामगिरी विक्रांतवरच्याच आलिझे विमानांकडे. कॅप्टन स्वराज प्रकाश यांना महावीर चक्र मिळालं. लपलेल्या बोटीच्या कप्तानाला ते मिळत नसतं.

पुढे सरळ खाली उतरू शकणारी सी हॅरियर विमानं आली. त्यांना ना कॅटापल्ट लागायचं ना अरेस्टर वायर. 1987 मध्ये डेकवरून आलिझे गेली, कॅटापल्ट काढून 9.75 अंशांचा स्की-जंप (डेकच्या टोकाचा वर वळलेला चढ) बसवला. 31 जानेवारी 1997 ला नौका निवृत्त झाली.

संग्रहालयाबद्दल नुसतं सरकारच्या नावानं बोटं मोडण्यात अर्थ नाही. 2001 ते 2012 ती मुंबई बंदरात खाऱ्या पाण्यातच उभी होती. तरंगत्या संग्रहालयाचा खरा खर्च तिकीट खिडकीवर दिसत नाही. ठरावीक वर्षांनी गोदीत घेऊन तळ घासायचा, पत्र्याची जाडी मोजायची, झिजलेले पत्रे बदलायचे. हे चुकलं की पत्रा पातळ होत जातो आणि एक दिवस लोकांना वर चढवणंच धोक्याचं ठरतं. सुरक्षेच्याच कारणावरून ती बंद झाली. विशाखापट्टणमची कुरसुरा टिकली, कारण दोन हजार टनांच्या आतली ती पाणबुडी किनाऱ्यावर ओढून पायावर बसवता आली. 16,000 टनांची, 213 मीटर लांबीची नौका अशी कुठे ओढणार? दोन्हींची तुलना मला तरी पटत नाही. सुमारे 60 कोटींना ती विकली गेली आणि 2014 च्या नोव्हेंबरात मुंबईच्या दारूखान्यात, जहाजं तोडण्याच्या जागी, तोडायला घेतली.

तिचं थोडं पोलाद बजाज व्ही मोटरसायकलीच्या टाकीत गेलं. तिच्याच पत्र्यांतून घडवलेलं स्मारक फोर्टात लायन गेटजवळ आहे. तिचा R11 हा क्रमांक आता 2 सप्टेंबर 2022 ला कोचीत दाखल झालेल्या नव्या विक्रांतवर आहे. विमानं बघायची असतील तर गोव्यात बोगमाळो रस्त्यावरच्या नौदल विमान संग्रहालयात जा. तिथल्या सी हॉक आणि आलिझेच्या शेपटीकडे वाकून बघा, वर लिहिलेली सगळी ओढ ज्या हुकानं सोसली तो तिथे असतो.