मांडीतल्या सार्कोमाला (स्नायू, चरबी अशा मऊ भागांतल्या कॅन्सरला) रेडिएशन ऑपरेशनच्या आधी घ्यावं की नंतर?
वडिलांची गाठ मोठी, खोल आणि हाय ग्रेड (वेगाने वाढणारी) आहे असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा माझ्या मते रेडिएशन आधी घेणं बरं. मी मुंबईतच रेडिएशन विभागात काम करते. आधी दिलं तर 25 सिटिंगमध्ये 50 ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप) पुरतात, सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे. नंतर दिलं तर 60 ते 66 ग्रे, तेही जखमेच्या सगळ्या भागावर, म्हणून पुढे पाय आखडण्याचा आणि सुजण्याचा त्रास जास्त. रोज पाय एकाच साच्यात ठेवतात आणि मांडीची एक उभी पट्टी किरणांपासून मुद्दाम वाचवतात. ती वाचली नाही तर पायाला कायमची सूज येऊ शकते. गाठ परत येण्याचा धोका दोन्हीकडे जवळपास सारखाच. अडचण ऑपरेशनची जखम भरण्याची: 2002 साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या चाचणीत आधी रेडिएशन घेतलेल्या 35 टक्के रुग्णांना जखमेचा त्रास झाला, नंतर घेतलेल्यांत 17 टक्के. त्यामुळे वडिलांना मधुमेह असेल किंवा गाठीवरची कातडी फुटली असेल, तर गणित बदलू शकतं. परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलात दाखवत असाल तर सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर दोघांशी बोलल्याशिवाय ऑपरेशनची तारीख घेऊ नका.