मॉरिनी, स्टायर, वॉल्थर की फाइनवेर्कबाऊ: सर्वांत अचूक पिस्तूल कोणतं, आणि जपून ठेवण्यासारखं कोणतं?

तुम्ही विचारलंय की १० मीटर एअर पिस्तूल (दाबलेल्या हवेवर छर्रा मारणाऱ्या पिस्तुलाची नेमबाजी) यासाठी या चार कंपन्यांपैकी सर्वांत अचूक कोणाचं, आणि एवढे पैसे घालायचेच तर पुढे संग्रहात ठेवल्यावर किंमत टिकेल असं कोणतं घ्यावं. माझ्या मते ही दोन वेगळी पिस्तुलं आहेत. एकातच दोन्ही बसवायला गेलात तर फसाल. का ते सांगतो. मी पुण्यात बालेवाडीच्या नेमबाजीच्या रेंजवर बरीच वर्षं काढली आहेत. राज्य स्पर्धेच्या पलीकडे फार काही केलं नाही, पण पिस्तुलं पुष्कळ हाताळली आणि एकदा चुकीचं विकतही घेतलं.

अचूकतेचं आधी उरकतो, कारण तिथे सांगण्यासारखं कमी आहे. दहा गुणांचं मधलं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, छर्रा ४.५ चा. पिस्तूल शिकंज्यात घट्ट आवळून मारलं आणि छर्रे चांगले असले, तर चारही पिस्तुलं सगळे छर्रे जवळपास एकाच भोकातून काढतात. नव्या पिस्तुलाबरोबर कारखान्यातलं टेस्ट कार्ड येतं ना, त्यावर पाच छर्ऱ्यांचं मिळून एक ओबडधोबड भोक असतं, तेवढंच. म्हणजे तुमचा आठ गेला तर तो पिस्तुलाचा नाही, तुमचा. फरक पडतो तो छर्ऱ्यांनी. एकाच कंपनीच्या दोन लॉटमध्येही ग्रुप (भोकांचा पुंजका) बदलतो, म्हणून वेगवेगळे डबे मारून बघायचे आणि जो लॉट जुळेल त्याचे पाच-दहा डबे एकदम घेऊन ठेवायचे.

आता हाताचं. खरी निवड इथे होते.

पहिली गोष्ट ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ. मॉरिनीचं नाव मुळात ग्रिपमुळेच झालं. हाताच्या आकाराच्या लाकडी ग्रिप बनवणारा माणूस पुढे पिस्तूल बनवू लागला, आणि ते हातात घेतल्यावर जाणवतं. पण जाणवतं ते हात त्या मापाचा असेल तर! माझं पहिलं महागडं पिस्तूल (कुठलं ते सांगत नाही, दोष त्याचा नव्हता) मी रेंजवरच्या एका चांगल्या नेमबाजाच्या हातात बघून घेतलं. त्याचा पंजा केवढा, माझा केवढा! मीडियम ग्रिप मला मोठी होत होती, बोट ट्रिगरवर सरळ मागे न येता तिरकं यायचं आणि शॉट डावीकडे जायचे. चार महिने मी ट्रिगरला शिव्या घातल्या. शेवटी एका दादांनी कानस आणि लाकडाची लांबी (भरायची पुट्टी) घेऊन ग्रिप घासून-भरून दिली, आणि पुढच्याच आठवड्यात माझे सहा-सात गुण वाढले.

म्हणून दुकानात किंवा मित्राकडे एवढं करा. उभे राहा, डोळे मिटा, हात उचला, स्थिर करा आणि मग डोळे उघडा. पुढची साइट मागच्या खाचेत मधोमध दिसली पाहिजे. ती सारखी एकाच बाजूला सरकलेली दिसत असेल, तर त्या ग्रिपशी तुम्हाला प्रत्येक शॉटला झगडावं लागणार. साठ शॉट, पंच्याहत्तर मिनिटं. मनगट थकतंच.

दुसरी गोष्ट ट्रिगर. नियमाने ट्रिगरवर किमान ५०० ग्रॅम वजन यायला हवं. स्पर्धेआधी वजन अडकवून तपासतात. मॉरिनीचं १६२ ईआय इलेक्ट्रॉनिक ट्रिगरचं आहे. बोटाने फक्त स्विच दाबला जातो, त्यामुळे दाब दर वेळी अगदी सारखा लागतो. काहींना हे स्वर्ग वाटतं. मला ते थोडं मेल्यासारखं वाटतं. यांत्रिक ट्रिगरची दुसरी पायरी (आधी हलका दाब, मग जिथे तो जड लागतो ती) बोटाला कळते, तिथे थांबून मन तयार करता येतं. आणि इलेक्ट्रॉनिक म्हटलं की बॅटरी आली, सर्किट आलं. अर्थात यांत्रिक भागही तुटतातच. टोकियोत मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, काही मिनिटं गेली, आणि ती ५७५ वर, बाराव्या क्रमांकावर राहिली. तीच मुलगी पॅरिसहून दोन कांस्यपदकं घेऊन आली. जवळ दुसरं पिस्तूल असावं, एवढाच माझा त्यातून घेतलेला धडा.

स्टायरच्या एलपी १० मध्ये आत एक छोटं वजन असतं; छर्रा सुटताना ते उलट दिशेने सरकतं आणि नळीची उडी जिरवतं. शॉट सुटल्यावर साइट जागच्या जागी राहते, त्यामुळे आपण कुठे मारलं ते आपल्यालाच कळतं. शिकणाऱ्याला मी आधी हेच हातात देईन. वॉल्थर आणि फाइनवेर्कबाऊ तितकीच पक्की. तिथे वजन पुढे किती हवं हा प्रश्न उरतो, आणि तो ज्याचा त्याने सोडवायचा.

आता संग्रह. खेळायचं पिस्तूल घासलं जातं, ग्रिपवर लांबी चढते, कडा झिजतात. संग्राहकाला हवी मूळ ग्रिप, मूळ पेटी, तोच क्रमांक असलेलं टेस्ट कार्ड. शिवाय हवेच्या सिलिंडरला मुदत असते, साधारण दहा वर्षं, आणि मुदत संपलेला सिलिंडर स्पर्धेत चालत नाही. जुनं घेताना आधी त्यावरची तारीख वाचा. आजची ही चारही उत्तम अवजारं आहेत, पण संग्रहाची वस्तू म्हणून मी ती घेणार नाही.

संग्रहासाठी मी फाइनवेर्कबाऊ ६५ शोधेन. साठच्या दशकातलं, स्प्रिंगचं. शॉट सुटला की वरचा सगळा भाग रुळावरून मागे सरकतो आणि धक्का हाताला लागतच नाही. सिलिंडर नाही, बॅटरी नाही. सील आणि स्प्रिंग बदलली की पुन्हा तयार. नाहीतर वॉल्थर एलपी ५३. शॉन कॉनरीच्या हातात जेम्स बाँडच्या जाहिरातीच्या फोटोंत जे लांब नळीचं पिस्तूल आहे ते हेच, छर्ऱ्याचं! फोटोच्या दिवशी खरं पिस्तूल आणायचं राहिलं, म्हणून छायाचित्रकाराने स्वतःचं दिलं. ते लिलावात अडीच लाख पौंडांच्या वर गेलं. अर्थात किंमत त्या हाताची. तुमच्या-माझ्या एलपी ५३ ला कुणी एवढे देणार नाही.

हॅमरली २०८ किंवा सिग पी २१० यांची स्वप्नं मलाही पडतात. पण ती खरी काडतुसांची. परवाना लागतो, आणि शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात. ४.५ मिमीच्या, २० ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, म्हणून आपल्याकडे संग्रह करायचा तर तो एअर पिस्तुलांचाच.

तुमच्या जागी मी असतो तर आधी हाताला बसेल ते खेळायचं पिस्तूल घेतलं असतं, आणि त्याला दुसरी ग्रिप मागवून तीच घासली असती. मूळ ग्रिप पिशवीत. जुनं ६५ मिळालं तर पावसाळ्यात फोमच्या पेटीत बंद ठेवू नका. फोम ओल धरतो आणि गंज खालच्या बाजूने लागतो. मुंबई-कोकणात असाल तर जून ते सप्टेंबर दर पंधरा दिवसांनी तेलाचा बोळा फिरवाच.