सपरीतली गाडी : वाचकांचे प्रश्न

या महिन्यातली बहुतेक पत्रं एकाच गोष्टीची आहेत. छोटी मॉडेल रेल्वेगाडी बनवली, आता ती कोणाला, कशी आणि कितपत दाखवायची? चार पत्रं निवडली आहेत. नावं कोणाचीच छापत नाही.

काका, मी दर्यापूर तालुक्यात शेती करतो. दोन वर्षांपासून शकुंतलेचं, म्हणजे आपल्या विदर्भातल्या नॅरोगेज गाडीचं, एक छोटं स्टेशन बनवतो आहे. शहरातल्या मॉडेलवाल्यांची परदेशी इंजिनं पाहिली की माझं दाखवायची लाज वाटते. झाडं पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या काड्यांची, डबे पुठ्ठ्याचे, इंजिनाखालची चाकं दुसऱ्याच गाडीची. पूर्ण झाल्याशिवाय कोणाला दाखवायचं नाही, असं ठरवलं आहे. बरोबर ना?

नाही भाऊ, चूक.

आधी चाकांचं पाहू. शकुंतलेचा रूळ ७६२ मिलिमीटरचा, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर तेवढं, अडीच फुटी. आपल्या एच-ओ मापात, म्हणजे १:८७ मध्ये (खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढं), तो जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर भरतो. त्याहून लहान जे एन माप, त्याचा रूळ ९ मिलिमीटरचा. म्हणून जगभरातले नॅरोगेजवाले एन मापाच्या गाडीचं खालचं यंत्र घेतात आणि वर एच-ओ मापाचं अंग चढवतात. तुम्ही कोणाला न विचारता तेच केलंत. उलट पंचाईत ब्रॉडगेजवाल्यांची. १६७६ मिलिमीटरचा रूळ १:८७ मध्ये सव्वाएकोणीस व्हायला हवा, पण बाजारात मिळतो तो साडेसोळाचा आणि आपण सगळे मुकाट्याने त्यावरच चालवतो. कोणी हसलं तर त्याच्या हातात फूटपट्टी द्या.

आता ‘पूर्ण झाल्यावर दाखवू’चं. यात मी स्वतः आपटलो आहे. सहा-सात वर्षांपूर्वी नाल्यातली बारीक रेती चहाच्या गाळणीने गाळली, स्लीपरांच्या मधे पसरली, भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकलेलं पाणी शिंपडलं आणि वरून ड्रॉपरने पातळ फेविकॉल सोडला. गिट्टी अशी झकास बसली की आमच्या सौ.नीसुद्धा चष्मा लावून पाहिलं. आठ दिवसांत इंजिन कुरकुरायला लागलं, पंधराव्या दिवशी थांबलं. खोललं, पुसलं, तेल दिलं, पुन्हा थांबलं. दोन महिने मी कोणाला बोललो नाही. आयटीआयमध्ये पोरांना मोटर शिकवण्यात ज्याची अख्खी नोकरी सरली, त्याने सांगायचं कोणत्या तोंडाने?

शेवटी दारव्ह्याचा एक जुना विद्यार्थी लग्नाची पत्रिका द्यायला आला. त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे. सपरीत बसून चहा पिता पिता त्याने बंद पडलेल्या स्पीकरचं चुंबक मागितलं आणि रुळावरून एकदा फिरवलं. चुंबकाला काळी मिशी फुटली. म्हणाला, “सर, रेतीत लोखंड हाय. मोटरीतलं चुंबक तेच ओढून राह्यलं.” आपल्याकडचा काळा दगड म्हणजे बेसाल्ट. त्यात मॅग्नेटाइटचे कण असतात. नाल्याचं पाणी हलकी रेती पुढे नेतं, हे जड कण मागे राहतात, आणि आपण नेमकी तीच काळीभोर, सुंदर रेती उचलतो. गाडी वरून गेली की कण उडून मोटरीत आणि दातेरी चाकांत. आता मी रेती उन्हात वाळवतो आणि कागदात गुंडाळलेलं चुंबक तिच्यातून चार-पाचदा फिरवतो, मिशी यायची थांबेपर्यंत. तो पत्रिका द्यायला आला नसता तर मी अजून तेलच देत बसलो असतो.

तेव्हा अर्धवटच दाखवा. तारा दिसतील अशी खालची बाजूही दाखवा. झाडं पऱ्हाटीची आहेत हे लपवू नका; पऱ्हाटीच्या काडीला जसे फाटे असतात तसे विकतच्या झाडाला नसतात. वावर दाखवायला काळी माती फेविकॉलमध्ये कालवू नका, वाळली की तडकते आणि या मापात ती भेग म्हणजे दरी दिसते. आधी तपकिरी रंग द्या आणि तो ओला असतानाच वरून वस्त्रगाळ माती भुरभुरा.

एक मात्र दाखवण्याआधी ठरवा : तुमचं स्टेशन कोणत्या सालातलं? मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं झेडी जातीचं वाफेचं इंजिन १९२३ पासून या गाडीला होतं, ते १५ एप्रिल १९९४ ला उतरवलं. त्यानंतर डिझेल. परवा एकाने मला फोटो दाखवला, धूर सोडणारं इंजिन आणि मागे मोबाइलचा टॉवर. काम अप्रतिम होतं, पण माझी नजर टॉवरवरून हलेना. आणि हो, डब्यांची मापं अंदाजाने घेत असाल तर नागपूरला मोतीबागेतलं नॅरोगेज संग्रहालय आहे, टेप घेऊन जा. मोठा चालता लेआउट, म्हणजे रूळ, स्टेशन, गाव असा अख्खा देखावा, पाहायचा असेल तर पुण्यात कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, १९९८ पासून.

आम्ही तिघी शिक्षिका, तीन गावांत राहतो. प्रत्येकीने आपापल्या घरी लेआउटचा एक तुकडा बनवला आणि दिवाळीच्या सुट्टीत एकत्र आणून जोडला. एकीचा रूळ वर, दुसरीचा खाली. गाडी प्रत्येक जोडावर पडली. कसंबसं बसवलं तर करंट शॉर्ट झाला. मग कोणाचं चुकलं यावर आम्ही दोन दिवस बोललो नाही.

ताई, चुकलं तुमच्या टेपांचं. बाजारातल्या तीन टेपा एकमेकींशी जुळतीलच असं नाही, आणि तुम्ही तिघींनी आपापल्या टेपेने मोजलं. सुतार दहा सारख्या खिडक्या करतो तेव्हा दहादा मोजत नाही, फर्मा करतो. तुम्हीही एकच फर्मा करा : बारा मिलिमीटरच्या प्लायचा, तुकड्याच्या टोकाएवढा. बोल्टची दोन भोकं आणि दोन्ही रुळांच्या खाचा त्यातच पाडा. हा एकच फर्मा तिघींच्या घरी फिरवा आणि टोकं त्यावरूनच कापा. मधे काय करायचं ते ज्याचं त्याने : एकीने जिनिंग करावं, एकीने नदीचा पूल, एकीने नुसतं तुरीचं वावर. टोक मात्र तिघींचं.

टोकाजवळचे चार-पाच इंच रूळ सरळच ठेवा, तिथे वळण नको. आणि रूळ काठापर्यंत आणू नका. दोन्हीकडे थोडे आखूड सोडून मधे एक सुटा तुकडा सरकवून बसवा, म्हणजे प्लाय पावसाळ्यात केसभर फुगला तरी चालून जातं. पायांना खाली बोल्ट लावा. आपल्या घरांच्या फरशा कुठे सपाट असतात! बोल्ट फिरवून पाणसळ लावली की झालं.

शॉर्ट का झालं तेही सांगतो. समोर उभं राहिलं की जवळच्या रुळाला लाल तार आणि पलीकडच्याला काळी, हे तिघींनी लिहून ठेवायला हवं होतं. एकीने उलट केलं असणार. रुळांच्या जोडपट्टीवर करंट सोपवू नका, आपली धूळ तिथे शिरतेच. प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र तार द्या. रूळ पुसायला सॅंडपेपर मुळीच नको, ओरखड्यांत मळ जास्त बसतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना सुती कपडा.

तुम्ही दिवाळीत जोडलं. मे महिन्यात जोडाल तेव्हा आणखी एक गंमत दिसेल. आठ फुटांचा रूळ थंडीतल्या १० अंशांवरून आपल्या उन्हाळ्यातल्या ४५ अंशांवर गेला की साधारण सव्वा ते दीड मिलिमीटर वाढतो. थंडीत रूळ टाकताना जोडांत दोन व्हिजिटिंग कार्डांएवढी फट सोडा, नाहीतर दुपारी तीनला तो सापासारखा वळतो. माझा वळला आहे.

तुकडा किती मोठा, हे एसटीला विचारून ठरवा. माझा पहिला चार फुटांचा होता. कारंज्याहून निघालो तर कंडक्टर म्हणाला, “काका, हा देव्हारा हाय काय?” म्हटलं, स्टेशन आहे. “कोणतं?” कारंजा. “मंग तुमाले उतराचं काय काम, गाव तं संगंच घेऊन चालले.” अख्खी गाडी हसली, पण मांडीवर चार फूट घेऊन दारव्ह्यापर्यंत पाय मुंगले. आता मी दोन फुटांच्या वर जात नाही. एन मापात टी-ट्रॅक नावाची एक पद्धत आहे, तिचा साधा तुकडा ३०८ मिलिमीटर लांबीचा आणि त्यावरचा रूळ ३१० चा. दोन्हीकडे एकेक मिलिमीटर बाहेर येतो, म्हणून टेबलावर नुसते एकमेकांना टेकवले की रूळ जुळतात, बोल्टची भानगडच नाही. तुमच्या विद्यार्थ्यांसाठी तेच सोपं पडेल.

लाइन जाते म्हणून कार्यक्रम थांबवू नका. फवारणीच्या बॅटरी पंपात बहुधा १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची बॅटरी असते. लहान इंजिनाला पाव अँपिअर पुरतो, म्हणजे संध्याकाळ सहज निघते. मधे गाडीचा वेग कमी-जास्त करणारा कंट्रोलर, म्हणजे रेग्युलेटर, हवाच, आणि एक अँपिअरचा फ्यूज तर बॅटरीच्या तोंडालाच. डबा रुळावर आडवा पडला की शॉर्ट होतो आणि तार पेटायला वेळ लागत नाही. बॅटरी घरात आणण्याआधी पंपापासून काढून ओल्या फडक्याने पुसा, ते फडकं वेगळं ठेवा आणि हात साबणाने धुवा. फवारणीच्या वस्तूंशी पोरांचा हात नको.

मी माझ्या स्टेशनचा नकाशा मापांसकट एका ओळखीच्याला दिला. त्याने तो तालुक्याच्या प्रदर्शनात स्वतःचा म्हणून मांडला. आता कोणाला काही द्यावंसं वाटत नाही.

राग येणारच, आणि मी काही त्याची बाजू घेणार नाही. पण देणं बंद करू नका. मी प्रत्येक नकाशात एक विहीर काढतो, जी त्या खऱ्या स्टेशनात कधीच नव्हती. कोणी माझं काम स्वतःचं म्हणून मांडलं की मी चार लोकांत शांतपणे विचारतो, “ही विहीर कुठली हो?” आजवर एकदाच विचारावं लागलं.

आमच्या गावच्या गणेश मंडळाला देखाव्यासाठी माझा लेआउट हवा आहे. दहा दिवस. देऊ का?

द्या. पण इंजिन एकच द्या, जुनं, आणि ते चालवायला स्वतः बसा. पोरांना दोरीबाहेर उभं करू नका, पाळीपाळीने रेग्युलेटर हातात द्या. ज्याच्या हातात रेग्युलेटर असतो तो रुळाला हात लावत नाही. उदबत्ती लेआउटपासून लांब. गाडी दहा मिनिटं चालवा, पाच मिनिटं थंड होऊ द्या. आरतीच्या गर्दीत हे विसरतं, म्हणून तेवढ्या वेळी बंदच ठेवा. आणि विसर्जनाच्या आदल्या रात्री लेआउट घरी आणा. मंडळ म्हणेल, “काका, उद्या सकाळी नेजा ना.” ऐकू नका. मी ऐकलं होतं. त्याला चार वर्षं झाली, दर महिन्याला त्या इंजिनाचं खालचं झाकण काढतो आणि दातेरी चाकांतून अजून गुलाल निघतो.